ठासणीची बंदूक आणि तिची भोवरकडी

बंदुकीचा इतिहास लिहिणारे बहुतेक सगळे लेखक ती उडते तिथून सुरुवात करतात. पल्ला किती, मिनिटाला बार किती, कुठल्या लढाईत कोणाच्या किती नळ्या होत्या. पण वाचकहो, एक साधा हिशेब करून पाहा. जुन्या काळातला शिपाई वर्षाकाठी बार काढणार किती? मोठी लढाई वर्षातून एखादी, तीही झाली तर. उरलेले सगळे दिवस ती बंदूक त्याने फक्त वाहायची असते. घाट चढताना, ओढा ओलांडताना, पावसात, डोक्यावर शिध्याचे गाठोडे असताना, आणि पुष्कळदा उपाशीपोटी. हे वाहणे ज्या वस्तूमुळे शक्य होते ती म्हणजे एक चामड्याचा पट्टा आणि तो अडकवायच्या दोन कड्या. इतिहासाच्या पुस्तकांत या कड्यांना सूचीतसुद्धा जागा मिळत नाही. आजचा लेख त्यांच्यावर आहे. लढायांच्या शौकिनांनी थोडा धीर धरावा. पानिपतही येईल आणि असईही येईल.

प्रथम शब्दाबद्दल. या कडीला मराठीत फार सुंदर नाव आहे: भोवरकडी. कडी खरी, पण आपल्या खिळ्याभोवती फिरणारी. ज्यांच्या घरी गुरे होती त्यांना ती ठाऊक असेल. खुंट्याला बांधलेली गाय दिवसभर गोल फिरते, दाव्याला पीळ पडत जातो आणि संध्याकाळपर्यंत दावे इतके आखूड होते की तिला मान खाली घालता येत नाही. मध्ये भोवरकडी घातली की पीळ कडीतच जिरतो. पाळण्याच्या साखळीला हीच युक्ती, झोपाळ्याला हीच. बंदुकीच्या पट्ट्यालाही तेच हवे असते, कारण माणूस चालताना त्याचा खांदा एकीकडे वळतो आणि बंदूक दुसरीकडे झुलते. कडी पक्की असेल तर पट्टा पिळतो, खांद्याला काचतो आणि दोन कोसांत माणूस बंदूक हातात घेतो. हात अडकले की अर्धा शिपाई कमी झाला म्हणून समजा.

डच लोक तिला ‘रीमब्योखल’ म्हणतात. रीम म्हणजे पट्टा, आणि ब्योखल म्हणजे वाकवलेली तार किंवा कमान. हा ‘ब्योखल’ आपल्या मंडळातल्या घराघरांत पोचलेला आहे, कारण मुलांच्या दातांना जी तार बसवतात तिलाही इथे ब्योखलच म्हणतात, आणि तिचे बिल आल्यावर तो शब्द जन्मभर विसरत नाही. बिअरच्या बाटलीचे तारेने दाबून बसणारे बूच, तेही ब्योखल. एकच शब्द दात, बाटली आणि बंदूक यांना पुरतो, यावरून या लोकांचा काटकसरी स्वभाव ध्यानात यावा.

मी या विषयात शिरलो तो आमच्या आइंडहोवनच्या रस्त्यावरच्या एका निवृत्त गृहस्थांमुळे. उभा जन्म लेथवर गेलेला माणूस. ब्राबंटमध्ये जुन्या नेमबाज मंडळ्यांची, म्हणजे ‘स्खुटर्सखिल्डे’ची परंपरा अजून चालू आहे हे आपण जत्रेच्या मिरवणुकांत पाहतोच: निशाणे, ढोल, छातीवर चांदीच्या पट्ट्या, आणि उंच खांबावरचा लाकडी पक्षी पाडील तो त्या साली ‘राजा’. त्या वातावरणात वाढलेल्या या गृहस्थांनी निवृत्तीनंतर ठासणीची रायफल स्वतः बांधायला घेतली. परवाना, संघाचे सभासदत्व वगैरे सगळे रीतसर. नमुना अठराव्या शतकातल्या जर्मन ‘येगर’चा. येगर म्हणजे शिकारी. नळी आखूड, जाड, अष्टकोनी, आतून पेचदार खाचांची. पेनसिल्व्हेनियात गेलेल्या जर्मन वसाहतकऱ्यांनी हीच बंदूक सोबत नेली आणि तिच्यापासून अमेरिकेतली प्रसिद्ध लांब रायफल निपजली.

गंमत अशी की नळी, चाप, घोडा हे सगळे झाल्यावर त्यांचे काम अडले ते भोवरकडीपाशी. मला बोलावणे आले ते इंजिनिअरिंगची डॉक्टरेट आहे म्हणून. दिवसभर मी नॅनोमीटरच्या गोष्टी करणाऱ्या यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहितो. इथे प्रश्न तीन मिलिमीटरचा होता आणि तो सोपा नव्हता.

अडचण समजावी म्हणून बंदुकीचा पुढचा भाग आडवा कापला आहे अशी कल्पना करा. वर नळी, तिच्या खाली लाकडाचा पातळ पडदा, आणि त्याच्या खाली गजाची खाच. गज म्हणजे दारू आणि गोळी ठासायची काठी. ठासणीच्या बंदुकीत ती नळीच्या पोटाखालीच राहते. मधला लाकडाचा पडदा चांगल्या कारागिराच्या हातून जेमतेम तीन मिलिमीटरचा असतो, कारण तो जाड झाला तर बंदूक बोजड दिसते. पुढच्या भोवरकडीचा आडवा स्क्रू नेमका याच पडद्यातून आरपार जायला हवा. भोक थोडे वर गेले तर ड्रिल नळीला घासते. थोडे खाली आले तर गजाच्या खाचेत उघडे पडते आणि गज तिथे अडतो. लढाईत गज अडला की बंदुकीची काठी झाली.

शिवाय नुसत्या लाकडावर भरवसा ठेवता येत नाही. चार किलोची बंदूक खांद्यावर घेऊन माणूस पळू लागला की प्रत्येक पावलाला कडीला हिसका बसतो. लाकडातले भोक हळूहळू लांबट होते आणि एक दिवस लाकूड रेषेरेषेने चिरते. म्हणून नळीच्या पोटाला एक लहानसा लोखंडी ठोकळा बसवतात, तो लाकडात खाली उतरतो आणि स्क्रू त्या ठोकळ्यातून जातो. भार लाकडाकडून नळीकडे गेला. पण ठोकळ्यातले भोक गोल ठेवायचे नाही. नळीच्या दिशेने किंचित लांबट करायचे, कारण हवेतल्या ओलाव्याने लाकूड फुगते-आकसते आणि लोखंड तसे करत नाही. भोक एका बाजूने पाडले तर ड्रिल लाकडाच्या रेषेबरोबर भरकटते, म्हणून दोन्ही बाजूंनी अर्धे अर्धे पाडून आत ठोकळ्यात गाठ घालायची. आम्ही दोघांनी मिळून एका जुन्या फळीच्या तुकड्यावर चार वेळा तालीम केली आणि पाचव्यांदा खऱ्या लाकडाला हात लावला. मागची कडी सोपी. येगरला तर बऱ्याचदा मागे कडी नसतेच. दस्त्याखाली एक गुंडी असते आणि पट्ट्याचे भोक तिच्यावर अडकवायचे.

काम चालू असताना त्यांनी सहज विचारले, “तुमच्याकडचे शिपाई बंदूक कशी नेत?” मी उत्तरादाखल दिल्लीपासून तंजावरपर्यंत बरेच बोललो, पण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. तिथून माझे वाचन सुरू झाले.

आधी युरोपातले पाहू. हॉलंडमध्ये राहून हा प्रश्न पडला तर जायची जागा ठरलेली: ॲम्स्टरडॅमचे राइक्सम्युझियम, आणि तिथे रेम्ब्रांटचे १६४२ सालचे ‘नाइट वॉच’. पाहुणे आले की आपण सगळेच त्यांना तिथे नेतो आणि कप्तानाच्या काळ्या पोशाखाबद्दल काहीबाही सांगतो. पुढच्या वेळी जरा बंदुकांकडे पाहा. डावीकडचा तांबड्या कपड्यांतला माणूस बंदूक भरतो आहे. कप्तानाच्या मागे एकाचा बार निघतो आहे. उजवीकडे एकजण बार झाल्यावर पेल्यातली उरलेली दारू फुंकून टाकतो आहे. भरणे, उडवणे, साफ करणे, तिन्ही क्रिया एका चित्रात. ही जामगीची बंदूक. जामगी म्हणजे सोऱ्यात भिजवलेली, धुमसत राहणारी सुताची दोरी. चाप ओढला की तिचे पेटते टोक रंजकावर येते आणि बार होतो.

या क्रिया त्याआधी याकोब द खेन याने १६०७ साली छापलेल्या कवायतीच्या पुस्तकात एकेक करून दाखवल्या होत्या. मॉरिस ऑफ नासाउच्या फौजेसाठीच्या कवायतीची ही ११७ चित्रे: हलक्या बंदुकीची ४२, जड मस्केटची ४३, भाल्याची ३२. मस्केट इतकी जड की ती टेकवायला बेचक्याची काठी सोबत लागे. त्या चित्रांतला शिपाई बंदूक खांद्यावर टाकून, दुसऱ्या हातात काठी आणि बोटांत जामगी धरून चालतो. पाठीला बंदूक लटकवायची सोय त्या कवायतीत नाही. कारण उघड आहे: बोटांत जळती दोरी, छातीवर दारूच्या भरलेल्या डब्यांचा पट्टा. अशा माणसाने बंदूक पाठीवर झुलवत चालू नये हेच बरे. शिवाय हे सैन्य सपाट मुलखात, कालव्यांच्या कडेने, रांगेत चालणारे. घाट चढायचा प्रश्नच नव्हता. (आमच्याकडे पूल चढला तरी सायकलवाल्याला घाट वाटतो.)

पुढे गारेची बंदूक आली, म्हणजे गारगोटीची ठिणगी पाडणारी. जामगी गेली, बंदूक हलकी झाली आणि पायदळाच्या पाठीवर पट्टा आला. इंग्रजांच्या ‘ब्राउन बेस’ला पुढची कडी गजाच्या खाचेवरून आणि मागची चापाच्या कमानीच्या पुढच्या टोकाला. फ्रेंचांनी नळी लाकडाला धातूच्या पट्ट्यांनी बांधायची रीत काढली आणि पुढची कडी मधल्या पट्टीलाच लावून टाकली; माझ्या शेजाऱ्यांनी ज्या तीन मिलिमीटरांशी झटापट केली त्यांना फ्रेंचांनी असे सरळ टाळले. मला स्वतःला फ्रेंच युक्ती जास्त पटते. शेजाऱ्यांना ती कुरूप वाटते.

घोडेस्वाराची गोष्ट वेगळी. घोडा दौडत असताना पाठीवर बंदूक नुसती लटकवली तर ती बरगड्या मोडील. म्हणून आखूड बंदूक, म्हणजे कार्बाइन, एका बाजूच्या सळईवर सरकणाऱ्या कडीने खांद्यावरच्या रुंद पट्ट्याच्या आकड्याला अडकवत. हा आकडा दाबला की उघडतो, सोडला की आपोआप मिटतो, आणि भोवरकडीसारखा फिरतो. कार्बाइनवाल्यांचा म्हणून तो ‘काराबाइनहाक’. इथल्या कुत्र्यांच्या साखळीला आज तोच असतो. आणि सह्याद्रीत दोर लावून सुळके चढणाऱ्या आपल्या गिर्यारोहकांच्या कमरेला जो ‘कॅराबिनर’ असतो तो त्याच आकड्याचा वंशज. लिंगाण्यावर दोराला अडकवलेला तो ॲल्युमिनियमचा तुकडा मुळात युरोपातल्या घोडेस्वाराच्या बंदुकीसाठी जन्मला हे कळल्यावर मला फार मौज वाटली.

आता आपल्याकडे वळू. हिंदुस्थानात जामगीची बंदूक, आपल्या कागदपत्रांतली तोड्याची बंदूक, युरोपात ती मागे पडल्यावरही शे-दीडशे वर्षे टिकून राहिली. याला आपल्या लोकांचा आळस म्हणायची एक पद्धत आहे. मला ती मान्य नाही. तोड्याच्या बंदुकीत यंत्र असे फारसे नसतेच. चाप आणि जामगीचा आकडा जोडणारी एक पट्टी लाकडाच्या पोटात, एवढेच. मोडले तर गावचा लोहार दुरुस्त करतो. गारेच्या बंदुकीला चांगल्या पोलादाची, नेमके पाणी दिलेली कमान लागते आणि सारखी नवी गार लागते.

या तोडेदार बंदुका संग्रहालयांत पुष्कळ आहेत. लाकूड सरळ आणि सडपातळ, नळी त्याला तारेने, पट्टीने किंवा कातड्याच्या वाद्यांनी बांधलेली. आणि लाकडाखाली, पुष्कळ नगांवर, दोन कड्या. एक पुढे बांधणीच्या पट्ट्यांमध्ये, एक चापाच्या पुढे. म्हणजे ज्या काळात डच मस्केटवाला काठी आणि बंदूक दोन्ही हातांत घेऊन चालत होता, त्या जातीच्या बंदुकीला आपल्याकडे पट्टा लागला. असे का? माझा तर्क असा की आपली बंदूक रांगेतल्या कवायतीची नव्हती. ती किल्ल्यावरच्या हशमाची, घाटातल्या चौकीदाराची, वाटसरूंबरोबर चालणाऱ्या बरकंदाजाची होती. दिवसभर चालायचे, जामगी विझलेली, आणि वेळ आली तरच चकमक झाडून पेटवायची. राजगडाची चोरदिंडीची वाट जे चढले आहेत त्यांना दोन्ही हात मोकळे असण्याचे महत्त्व सांगायला नको.

जपणुकीची दृष्टी आपल्याकडे नव्हती असेही नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरच्या दारूखान्याबद्दल जे बारकावे आहेत ते आजच्या सेफ्टी मॅन्युअलला शोभतील: वस्तीपासून दूर ठेवावा, ओल लागू देऊ नये, दारू ठराविक दिवसांनी बाहेर काढून उन्हे द्यावी. इतके तपशिलाने लिहिणाऱ्याने हत्यारे नुसती जमवली नव्हती, वापरली होती.

फिरत्या खिळ्याचा मोठा भाऊ आपल्याला भेटला तो १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर. अब्दालीकडे उंटांवरचे जंबुरे होते. जंबुरा म्हणजे मोठ्या तोंडाची बंदूक, खोगिरावरच्या फिरत्या खुंट्यावर बसवलेली. काशीराज पंडिताने असे दोन हजार उंट आणि प्रत्येकावर दोन माणसे असल्याचे लिहून ठेवले आहे. आपल्या बाजूला इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटणे आणि जड तोफा. तोफ एकदा रोवली की तिथेच. जंबुरा उंटाबरोबर हवा तिथे जातो, बसतो, कुठल्याही बाजूला तोंड फिरवतो. पानिपतच्या पराभवाची कारणे अनेक आहेत, आणि उपासमार त्यांत पहिली. पण उडणाऱ्या हत्याराइतकेच ते नेण्याच्या सोयीला महत्त्व असते हे त्या दुपारी दिसले.

हे महादजी शिंद्यांनी ओळखले असावे. पानिपतावरून पाय जायबंदी होऊन ते परतले आणि पंचवीस वर्षांच्या आत त्यांनी उत्तरेत जे उभे केले ते पाहिले की आजही थक्क व्हायला होते. १७८४ साली सव्हॉयचा बन्वा द ब्वान्य त्यांच्या नोकरीत आला. आपल्या बखरींतला डिबॉईन तो हाच. त्याच्या कंपूत दोन तऱ्हांची पायदळे होती. तिलंगे गारेच्या बंदुकांचे, आणि नजीब जामगीच्या बंदुकांचे. पण या जामगीच्या बंदुकांनाही संगीन लावलेली. जुने यंत्र, नवी कवायत. गावच्या लोहाराला दुरुस्त करता येईल अशी बंदूक आणि युरोपीय तऱ्हेची रांग यांची ही सांगड मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली कारखाना होता. तिथे तोफा ओतल्या जात आणि बंदुकाही होत. १८९२ साली या गोऱ्या सरदारांची चरित्रे लिहिणाऱ्या हर्बर्ट कॉम्प्टनने त्या बंदुकीचा खर्च नगाला दहा रुपये दिला आहे.

दहा रुपयांत नळी, लाकूड, चाप, संगीन, गज आणि दोन भोवरकड्या. ज्याने एक कडी बसवताना चार तालमी केल्या त्याला हा आकडा चटका लावतो. एक बंदूक कोणीही हौशी माणूस बांधील. हजारो बंदुका सारख्या बांधायच्या म्हणजे स्क्रू ओढणारे, ड्रिल मारणारे, लाकूड तासणारे हात शेकड्यांनी तयार पाहिजेत. ते आग्र्यात होते, आणि त्यांतले बहुतेक हात आपल्याच देशातले होते. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, सँगस्टरचे ठेवले.

आता एक गोष्ट खास आपल्या हॉलंडवासी वाचकांसाठी. याच फौजेत एक अस्सल डच माणूस होता: यान विलेम हेसिंग, उट्रेख्टचा. १७५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीचा शिपाई म्हणून तो सिलोनला गेला, पुढे निजामाकडे राहिला आणि १७८४ मध्ये महादजींच्या नोकरीत शिरला. १७८७ साली आग्र्याजवळ इस्माईल बेगाशी झालेल्या लढाईत तो जबर जखमी झाला. डिबॉईनशी त्याचे पटेना म्हणून त्याने ते पथक सोडले, पण महादजींनी त्याला सोडले नाही; आपल्या खास पथकाचे काम त्याच्याकडे दिले. महादजी पुण्याला आले तेव्हा हा उट्रेख्टकर त्यांच्याबरोबर होता. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीला महादजी गेले. नंतर दौलतरावांनी हेसिंगला कर्नल करून आग्र्याचा किल्ला आणि शहर सांभाळायला दिले. म्हणजे शाहजहानने ज्या किल्ल्यात बसून ताजमहालाकडे पाहात अखेरचे दिवस काढले, तो मराठ्यांच्या वतीने एक डच माणूस सांभाळत होता. २१ जुलै १८०३ रोजी तो वारला. त्याच्या बायकोने त्याच्यासाठी कबर बांधली ती लाल दगडातला छोटा ताजमहालच. आग्र्याच्या रोमन कॅथलिक दफनभूमीत ती आजही उभी आहे आणि तिच्यावर त्याचे गाव उट्रेख्ट असे कोरलेले आहे. आग्र्याला जाल तेव्हा मोठ्या ताजच्या रांगेतून सुटल्यावर अर्धा तास तिथे द्या. आपण लोक इथे येऊन डच कंपन्यांची चाकरी करतो. एका डच माणसाने आपली चाकरी केली आणि बरी केली.

हेसिंग योग्य वेळी गेला म्हणायचे. त्याच्या मरणानंतर काही महिन्यांतच सगळे संपले. ऑगस्ट १८०३ मध्ये इंग्रजांनी युद्ध पुकारले आणि शिंद्यांच्या नोकरीतल्या ब्रिटिश प्रजाजनांनी ती सोडावी असा जाहीरनामा काढला. कित्येक अंमलदार निघून गेले. डिबॉईन तर आधीच देशी परतला होता. त्याच्या जागी आलेला फ्रेंच पेराँ, त्यानेही सप्टेंबरात इंग्रजांचा आश्रय घेतला. ११ सप्टेंबरला दिल्ली, २३ सप्टेंबरला असई, १८ ऑक्टोबरला आग्रा, १ नोव्हेंबरला लासवारी. लासवारीला उत्तरेतल्या कंपूची उरलेली पलटणे आपल्या जबाबदार सरदारांशिवाय लढली आणि अशी लढली की जनरल लेकने नंतर लिहिले, यांच्यावर फ्रेंच अंमलदार असते तर निकालाबद्दल मला शंका होती.

मराठ्यांची हत्यारे मागासलेली होती म्हणून राज्य गेले, असे मी शाळेत शिकलो. आग्र्याच्या कारखान्याने ते खोटे पाडले आहे. नळी तीच, लाकूड तेच, कडीसुद्धा तीच. नव्हता तो नळीच्या पोटाचा ठोकळा. सगळी फौज अंमलदारांच्या एका थरावर अडकवलेली, आणि तो थर दरबाराशी पगारापलीकडे कशाने जोडलेला नाही. हिसका बसला तेव्हा लाकूड रेषेरेषेने चिरले. महादजींनी आणखी वीस वर्षे मिळाली असती तर आपले अंमलदार घडवले असते का, यावर मंडळाच्या गणपतीत रात्रभर वाद घालता येईल. मी ‘हो’ म्हणणाऱ्यांच्या बाजूला बसेन.

पुढचे थोडक्यात. सत्तावन्न झाले, आणि १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे बंद झाले. गावोगावचे बंदूक बांधणारे हात विळे-कोयत्यांकडे वळले. मुंगेरसारख्या थोड्या ठिकाणी, जिथे मीर कासीमने १७६० नंतरच्या दोनतीन वर्षांत कारखाना काढला होता, तिथे हा धंदा तगून राहिला.

पण ठासणीची बंदूक मेली नाही. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात ती नावानिशी आहे: पिकाच्या रक्षणासाठी शेतकऱ्याला ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय त्यात केलेली आहे. इथे युरोपात जी वस्तू हौसेची आणि मिरवणुकीची झाली, ती आपल्या सिंधुदुर्गात अजून शेतीचे अवजार आहे. रानडुक्कर एका रात्रीत नाचणीचे वाफे उलथून टाकतो, माकडे माडावरची शहाळी फोडतात. प्रत्येक निवडणुकीच्या आधी या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात आणि निकालानंतर परत मिळतात. मधल्या काळात डुकरांना आचारसंहिता नसते.

आमच्या घरीही अशी एक होती, आजोबांची. मुंगेरची, एकनळी, टोपीवर उडणारी. टोपीला आमच्याकडे केप म्हणत. आम्हा मुलांना तिला हात लावायची बंदी होती, पण ती खुंटीवरून लटकत असे तेव्हा खालून तिच्या कड्या दिसत. पट्टा मूळचा नव्हे, बैलाच्या जुन्या कातडी वादीचा केलेला. बागेतून सड्यावर जायची वाट उभी आहे. आजोबा एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन चढत आणि बंदूक पाठीवर असे. त्यांनी तिचा बार काढलेला माझ्या आठवणीत चार-पाच वेळाच. पाठीवर पाहिली ती मात्र शेकडो वेळा.

आजोबा गेल्यावर परवान्याचा प्रश्न आला. वारसांपैकी बहुतेक पुण्या-मुंबईत, मी इथे. बंदूक ठाण्यात जमा. काका म्हणाले, कायमची देऊन टाका, कटकट संपेल. त्यांचे चूक नव्हते. शेत कसणारा नसेल त्याला शेतीरक्षणाची बंदूक कशाला? पण एक चुलतभाऊ गावी परतला, काजू आणि भात दोन्ही करू लागला, आणि त्याने परवाना आपल्या नावावर व्हावा म्हणून अर्ज केला. तीन वर्षे खेटे घातल्यावर तो मिळाला. अर्जात नळीची लांबी, जात, नंबर सगळे भरायचे होते. कड्यांसाठी रकाना नव्हता.

मागच्या पावसाळ्यात त्याचा फोन आला. पुढची कडी झिजून सुताएवढी राहिली होती आणि तिच्या भोकापासून लाकडाला चीर गेली होती. परवानाधारक कारागीर म्हणत होता, वरून लोखंडी पट्टी मारून वेल्डिंग करू. मी त्याला थांब म्हटले आणि शेजाऱ्यांच्या शेडमध्ये जाऊन व्हिडिओ लावून दिला. एका बाजूला डच, एका बाजूला मालवणी, मध्ये मी दुभाषी. चीर आधी भरून घ्या, भोक दोन्ही बाजूंनी पाडा, नळीखाली ठोकळा आहे का ते पाहा, असेल तर त्याचे भोक लांबट ठेवा, तुमच्याकडे दमट हवा आहे. कारागिराने सगळे ऐकून घेतले आणि ठोकळा आहे म्हणून सांगितले. मुंगेरच्या कोणा माणसाने तो कधीतरी बसवलेला होता आणि त्याचे भोकही लांबट होते.

पट्ट्याचे काय, असे शेजाऱ्यांनी विचारले. त्यांच्याकडे चांगल्या चामड्याचा एक जादा होता, पाठवायला तयार होते. मी ते भावाला सांगितले.

“नको दादा,” तो म्हणाला, “पट्टो नवो नको. आज्याचोच रवांदे.”